लस घेऊनही कोविड होतोच, मग लसीनं नेमकं केलं काय?

अनुस्वार (धागाकर्ता)

नवा व्हेरियंट आला की तेच वाक्य कानावर येतं : "लस घेऊनही झालाच ना?" डेल्टाच्या वेळी ऐकलं, ओमिक्रॉनच्या वेळी तर ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, २०२३ च्या अखेरीस जेएन.१ पसरला तेव्हाही ऐकलं. वाक्य खरंच आहे. पण त्यापुढे "म्हणजे लस फुकट गेली" असं जोडलं जातं, ते तपासून पाहावं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की संसर्ग होऊ न देणं आणि झालेला संसर्ग फुप्फुसापर्यंत जाऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. शरीरात ती वेगवेगळ्या यंत्रणा करतात आणि त्या वेगवेगळ्या वेगानं ओसरतात. नवा व्हेरियंट पहिलीला सहज चकवतो, दुसरीला फारसा नाही. त्यामुळे "लस किती टक्के चालते?" हा प्रश्नच अर्धा आहे. कशापासून, शेवटच्या डोसनंतर किती काळानं आणि कुणाशी तुलना करून, हे विचारल्याशिवाय त्या टक्क्यांना अर्थ नाही.

ब्रिटनमधले आकडे बघा. तिथे चाचण्या भरपूर झाल्या आणि लशीच्या नोंदी त्यांना जोडता आल्या, म्हणून ते उपयोगी आहेत. अल्फाविरुद्ध फायझरचे दोन डोस लक्षणं असलेला आजार सुमारे ९४ टक्के टाळत होते, डेल्टाविरुद्ध ८८ टक्के. अॅस्ट्राझेनेकाचे (कोविशिल्ड म्हणजे तीच लस) अनुक्रमे ७४.५ आणि ६७. डेल्टाविरुद्ध एकाच डोसवर मात्र दोन्ही लशी तिशीच्या आसपास अडकल्या. मग ओमिक्रॉन आला. फायझरच्या दोन डोसनंतर पहिल्या काही आठवड्यांत ६५.५ टक्के, आणि २५ आठवडे उलटल्यावर ८.८ टक्के! अॅस्ट्राझेनेकाच्या दोन डोसांचा तर पाच महिन्यांनंतर लक्षणांपासून काहीच बचाव दिसेना. बूस्टर दिल्यावर आकडा ६७ वर चढला आणि दहा आठवड्यांनंतर पुन्हा ४६ च्या आसपास उतरला.

एवढंच वाचून थांबलं तर "फुकट गेली" म्हणणाऱ्यांचं बरोबर वाटेल. पण त्याच देशात, त्याच ओमिक्रॉनच्या लाटेत, बूस्टर घेतलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्यापासून मिळणारं संरक्षण सुरुवातीला ८८ टक्क्यांच्या घरात होतं. लस तीच, विषाणू तोच, फक्त मोजलेली गोष्ट वेगळी.

चर्चा करूया. एक विनंती, छत्री, हेल्मेट आणि सीटबेल्टच्या उपमा नकोत. फार झाल्या.


पंचम

हेल्मेटचीच उपमा टाइप करत होतो, खोडली. वाचतोय.


तिरपागडा

धागा चांगला आहे, पण सोयीचा इतिहास नको. २०२० च्या डिसेंबरात "९५ टक्के" असा गजर झाला तेव्हा तारांकित करून "फक्त लक्षणं, फक्त काही महिने, फक्त मूळ विषाणू" असं कुणी सांगितलं होतं? २०२१ च्या पूर्वार्धात मोठमोठे अधिकारी टीव्हीवर सांगत होते की लस घेतलेला माणूस विषाणू वाहत नाही. उन्हाळा संपेपर्यंत तेच लोक "लस गंभीर आजारासाठीच होती" म्हणू लागले. गोलपोस्ट हलवायचा आणि वर आम्हालाच अडाणी ठरवायचं. मी लसविरोधी नाही, घेतली आहे. पण ज्याला शब्द देऊन फिरवला, तो पुढच्या वेळी ऐकणार नाही.


अनुस्वार

तिरपागडा, अतिशयोक्ती झाली हे मान्यच आहे. मात्र मूळ चाचणीचा कागद तेव्हाही उघड होता. फायझरच्या चाचणीत त्रेचाळीस हजारांहून जास्त लोक होते. दुसऱ्या डोसनंतर सात दिवसांपासून पुढे मोजणी सुरू झाली, आणि मोजला तो लक्षणं असलेला, चाचणीत सिद्ध झालेला कोविड. लसगटात ८ जण, दुसऱ्या गटात १६२. त्यातून ९५ आले. पाठपुरावा सरासरी दोन महिन्यांचा. लक्षणांशिवाय किती जणांना संसर्ग झाला, त्यांनी तो पुढे किती जणांना दिला, हे त्या चाचणीत पाहिलेलंच नव्हतं. पुढे सहा महिन्यांच्या पाठपुराव्यात तोच आकडा ९१ झाला आणि शेवटच्या टप्प्यात ८४ पर्यंत उतरलेला दिसला. हे सगळं डेल्टा येण्याआधीचं.

"वाहत नाही" हे विधान अल्फाच्या काळातल्या काही महिन्यांपुरतं बरंचसं खरं होतं. ते कायमचं असल्यासारखं सांगितलं गेलं, इथे तुमचा मुद्दा बिनतोड आहे.


सूक्ष्मदर्शी

रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून यंत्रणेबद्दल थोडं.

दंडात दिलेली लस रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करते, मुख्यतः आयजीजी प्रकारची. विषाणू मात्र शिरतो नाकातून. नाकाच्या श्लेष्मल त्वचेवर पहारा असतो आयजीए प्रतिपिंडांचा आणि तिथेच मुक्कामाला असलेल्या पेशींचा. दंडातल्या लशीनं तो पहारा फारसा उभा राहत नाही. डोस ताजा असताना रक्तात आयजीजी इतकी असते की ती नाकापर्यंत झिरपते, म्हणून पहिले दोन-तीन महिने संसर्गापासूनही बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. मग पातळी उतरते. ती उतरणं हा बिघाड नाही. शरीर प्रत्येक जुन्या शत्रूविरुद्धची प्रतिपिंडं शिगोशीग भरून ठेवत बसलं तर रक्तात दुसऱ्या कशाला जागा उरणार नाही.

त्यात व्हेरियंटची भर. विषाणू पेशीला चिकटतो तो त्याच्या काटेरी प्रथिनानं, म्हणजे स्पाइकनं. निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं त्याच्या ठरावीक जागा पकडतात. ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये तीसहून जास्त बदल होते, आणि त्यातले बरेचसे नेमके या पकडायच्या जागांवर. दोन डोस घेतलेल्यांच्या रक्तद्रवाची ओमिक्रॉनला निष्प्रभ करण्याची ताकद प्रयोगशाळांमध्ये वीस ते चाळीस पटींनी कमी भरली.

मग लोक सरसकट गंभीर आजारी का पडले नाहीत? कारण टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पूर्ण आकाराचं स्पाइक पाहतच नाहीत. संसर्ग झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून पृष्ठभागावर मांडते, टी पेशी ते तुकडे ओळखतात. असे तुकडे स्पाइकभर विखुरलेले असतात आणि प्रत्येक माणसाच्या टी पेशी वेगवेगळे तुकडे धरतात. त्यामुळे तीस बदल होऊनही बहुतेक तुकडे जसेच्या तसे राहिले. टी पेशी संसर्ग अडवत नाहीत, त्या संसर्ग झालेल्या पेशी मारतात. म्हणजे सर्दी होणार, ताप येणार, आणि तिथेच बहुधा निपटणार.

दुसरा भाग स्मृती बी पेशींचा, म्हणजे शत्रू लक्षात ठेवून प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचा. लस घेतल्यावर लसीकाग्रंथींमध्ये (लिम्फ नोड्स) या पेशींचं कित्येक महिने प्रशिक्षण चालू असतं. रक्तातली प्रतिपिंडं उतरत असताना या पेशींची पकड उलट सुधारत असते. विषाणू आला की त्या जाग्या होऊन नव्यानं प्रतिपिंडं ओततात. पण त्याला तीन ते पाच दिवस लागतात.


खुशालचेंडू

मग गोवरची लस घेतल्यावर गोवर का होत नाही? तिथेही प्रतिपिंडं ओसरत असणारच की.


सूक्ष्मदर्शी

यातच सगळी मेख आहे, खुशालचेंडू! गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. श्वसनमार्गातून लसीकाग्रंथी, तिथून रक्त, असा लांबचा प्रवास करून तो आजार घडवतो. स्मृती पेशींना जागं व्हायला भरपूर अवधी मिळतो. शिवाय गोवराची प्रतिपिंडं खरोखरच वर्षानुवर्षं टिकतात आणि तो विषाणू आपलं रूप फारसं बदलू शकत नाही.

ओमिक्रॉनला लक्षणं दिसायला तीनेक दिवस पुरतात. मूळ विषाणूला पाच लागत, डेल्टाला चार. म्हणजे प्रत्येक नव्या व्हेरियंटनं स्मृतीला मिळणारा अवधी कापत आणला. नाकात वाढून पुढच्या माणसाकडे जायला एवढं त्याला पुरतं. फुप्फुसात धुमाकूळ घालायला मात्र आठवडाभर लागतो, आणि तोवर फौज पोचलेली असते. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या दोन वेगांमागचं कारण बरंचसं या वेळेच्या हिशेबात आहे.


पिंगळा

हे सगळं ठीक आहे. पण ओमिक्रॉन मुळातच सौम्य होता ना? श्रेय लशीला कशाला?


अनुस्वार

हाँगकाँग. २०२२ चे पहिले काही महिने.

तोवर तिथे संसर्ग फारसा शिरलाच नव्हता, त्यामुळे लोकांकडे आजारातून आलेली प्रतिकारशक्ती नव्हती. लस उपलब्ध होती, पण ऐंशीच्या पुढच्या बहुसंख्य लोकांनी दोन डोस घेतलेले नव्हते. ओमिक्रॉनचा बीए.२ हा उपप्रकार शिरला आणि काही आठवडे लोकसंख्येच्या मानाने मृत्यूंचं प्रमाण जगात सर्वांत वरच्या रांगेत होतं. शवागारांत जागा उरली नाही. मेलेल्यांत साठीच्या पुढचे आणि लस न घेतलेले यांचा भरणा.

त्याच सुमारास न्यूझीलंडमध्येही ओमिक्रॉन पसरला. तिथेही आधीचा संसर्ग नगण्य होता, पण वृद्धांचं लसीकरण जवळजवळ पूर्ण झालेलं. संसर्ग धो धो वाढला, मृत्यू त्या मानाने फार कमी.

ओमिक्रॉन डेल्टापेक्षा अंगभूतच काहीसा सौम्य होता, हे खरं. तरी हाँगकाँगमधल्या आजी-आजोबांना तो सौम्य वाटला नाही.


सूक्ष्मदर्शी

भर घालते. हाँगकाँगमध्ये फायझर आणि कोरोनाव्हॅक (निष्क्रिय विषाणूची लस) अशा दोन्ही चालू होत्या. दोन डोसांवर अतिवृद्धांमध्ये कोरोनाव्हॅक स्पष्ट मागे पडली. तीन डोसांनंतर गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्यात दोघींत फारसा फरक राहिला नाही. तंत्रज्ञानावरून भांडणारे हा तिसऱ्या डोसचा भाग सहसा विसरतात.


तिरपागडा

हाँगकाँगचं उदाहरण मान्य. आता इस्राएल आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचं बोला. जगात सगळ्यांत आधी लसीकरण आटोपणाऱ्या देशात ऑगस्ट २०२१ मध्ये गंभीर रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त लोक पूर्ण लस घेतलेले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या समुद्रकाठच्या गावात जुलै २०२१ मध्ये ४६९ जणांना झाला, त्यातले ३४६ लस घेतलेले. चौऱ्याहत्तर टक्के! रुग्णालयात गेलेल्या पाचांपैकी चार लसवाले. हे माझे आकडे नाहीत, सरकारी आहेत.


खर्डेघाशी

आकडे दोन्ही बरोबर आहेत. मी पोटापाण्यासाठी संख्याशास्त्र करतो, त्यामुळे इथे बोलणं भाग आहे.

आधी एक कल्पित गाव घ्या. हजार माणसं, नऊशेंनी लस घेतली, शंभरांनी नाही. बिनलशीच्या शंभरातले १० आजारी पडले. लसवाल्यांतले शंभरी दोन, म्हणजे १८. एकूण रुग्ण २८, त्यातले १८ लसवाले, म्हणजे ६४ टक्के. बातमी : "रुग्णांपैकी ६४ टक्के लसवंत". आणि लशीनं धोका कमी केला ८० टक्क्यांनी. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी. सगळ्या हजारांनी लस घेतली असती तर रुग्ण शंभर टक्के लसवंत असते, आणि तेव्हाच रुग्ण सर्वांत कमी असते.

मॅसॅच्युसेट्सच्या प्रकरणात तर छेदच माहीत नाही. त्या गर्दीत लसवाले किती होते हे कुणी मोजलेलं नव्हतं. हजारोंच्या गर्दीत ते नव्वद टक्के असतील तर ७४ हा आकडा लशीच्या बाजूनंच बोलतो. त्या उद्रेकात एकही मृत्यू नोंदला गेला नाही. त्यातून खरोखर नवं कळलं ते वेगळंच होतं, की लस घेतलेल्यांच्या नाकातही चाचणीच्या वेळी विषाणू जवळपास तितकाच सापडला. त्यावरून तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं बंदिस्त सार्वजनिक जागी मास्क वापरण्याची सूचना परत आणली. तो धक्का खरा होता.

इस्राएलकडे येतो. १५ ऑगस्ट २०२१ च्या आकडेवारीत ५१५ गंभीर रुग्ण, त्यातले ३०१ पूर्ण लस घेतलेले, म्हणजे ५८ टक्के. लोकसंख्येनं भागलं की बिनलशीच्यांत लाखात १६.४ आणि लसवाल्यांत लाखात ५.३. परिणामकारकता निघते ६७.५ टक्के. बरी, पण ९५ च्या जवळपासही नाही. आता वयानुसार फोडा.

पन्नाशीच्या आतले : बिनलशीचे लाखात ३.९, लसवाले ०.३. परिणामकारकता ९१.८.
पन्नाशीच्या पुढचे : बिनलशीचे लाखात ९१.९, लसवाले १३.६. परिणामकारकता ८५.२.

दोन्ही गटांत ८५ च्या वर, आणि एकत्र केलं की ६७.५! पहिल्यांदा पाहणाऱ्याला छापील चूक वाटते. चूक नाही. पन्नाशीपुढच्या जवळपास सगळ्यांनी लस घेतली होती, आणि न घेतलेल्यांत बहुसंख्य तरुण होते. पन्नाशीपुढच्या बिनलशीच्या माणसाला गंभीर आजाराचा धोका तरुण बिनलशीच्यापेक्षा वीस पटींहून जास्त. म्हणजे एकत्र आकड्यात आपण नकळत लसवंत म्हाताऱ्यांची तुलना बिनलशीच्या तरुणांशी करतो. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवायला याच्याइतकं धडधडीत उदाहरण मिळणं कठीण.

तरीही ओसरण होतंच. त्याच उन्हाळ्यात इस्राएलनं साठीपुढच्यांना तिसरा डोस दिला. दोनच डोस असलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यातला संसर्ग सुमारे अकरा पटींनी आणि गंभीर आजार जवळपास वीस पटींनी कमी निघाला. म्हणजे सहा महिन्यांत काहीतरी नक्कीच झिजलं होतं. तिरपागडांची शंका निराधार नव्हती, फक्त ५८ टक्के हा तिचा पुरावा नव्हे.


पंचम

खर्डेघाशी, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.


पिंगळा

+१. मग लसवाला माणूस दुसऱ्याला आजार देतो की नाही? सरळ सांगा.


खर्डेघाशी

देतो. किती कमी देतो हे व्हेरियंटवर आणि डोसच्या ताजेपणावर.

डेल्टाच्या काळात ब्रिटनमध्ये घराघरांतल्या संपर्कांचा बारकाईनं अभ्यास झाला. घरात कुणाला झाला असेल तर लसवंत सदस्यांपैकी २५ टक्क्यांना लागण झाली, बिनलशीच्यांपैकी ३८ टक्क्यांना. म्हणजे स्वतःला लागण होण्याची शक्यता कमी झाली. पण मूळ रुग्ण लसवंत असो वा नसो, त्याच्याकडून पसरण्यात फरक दिसला नाही. विषाणूचं शिखर सारखंच, फक्त लसवाल्यांत ते लवकर ओसरत होतं. एका घरात राहणाऱ्यांना त्या लवकर ओसरण्याचा फायदा मिळत नाही, तोवर लागण होऊन गेलेली असते.

ओमिक्रॉनच्या काळात कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतला अभ्यास आहे. एका कोठडीत कोण, किती काळ, कधी चाचणी झाली, सगळं नोंदलेलं. तिथे लसवंत रुग्णाकडून कोठडीतल्या सोबत्याला लागण होण्याचा धोका २२ टक्क्यांनी कमी निघाला. आधी आजार होऊन गेलेला असेल तर २३, दोन्ही असेल तर ४०. म्हणजे फायदा शून्य नाही, पण "मी लस घेतली, मी सुरक्षित, तूही सुरक्षित" म्हणण्याइतका नक्कीच नाही.


रातराणी

प्रथमच लिहितेय इथे. माझ्या भावाचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय, टॅक्रोलिमस वगैरे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या. त्याचे डोस झालेत, तरी डॉक्टर म्हणतात "लस घेतली नाही असं समजूनच वागा". वरची चर्चा वाचून वाटलं टी पेशी तरी वाचवतील. पण त्याच्या टी पेशीच तर औषधानं दाबलेल्या आहेत. मग त्याच्यासाठी हे सगळं गणित बाद का?


सूक्ष्मदर्शी

रातराणीताई, बाद नाही, पण त्याचे आकडे वेगळे. प्रत्यारोपण झालेल्यांवर अमेरिकेत २०२१ मध्ये अभ्यास झाला, त्यात एमआरएनए (फायझरसारख्या) लशीच्या दोन डोसांनंतर जेमतेम निम्म्यांमध्ये प्रतिपिंडं दिसली. म्हणूनच अशा रुग्णांसाठी तिसरा डोस बूस्टर न मानता मूळ मात्रेचाच भाग धरला गेला, आणि पुढचे डोसही इतरांपेक्षा कमी अंतरानं दिले जातात. दर डोसला आणखी काही जणांत प्रतिसाद उमटतो. तेव्हा डॉक्टरांचं वाक्य "लस घेऊ नका" असं वाचू नका, "लशीच्या भरवशावर राहू नका" असं वाचा. घरातल्या बाकीच्यांनी डोस अद्ययावत ठेवणं आणि कुणाला खोकला-सर्दी असेल तेव्हा मास्क लावणं, याचा भावाला थेट उपयोग आहे.

मध्यंतरी अशा लोकांसाठी एव्हुशेल्ड नावाचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन होतं. दोन प्रतिपिंडं, स्पाइकवरच्या दोन जागा. विषाणूनं त्या जागा बदलल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेनं त्याचा वापर थांबवला. नेमक्या जागेवर भिस्त ठेवली की व्हेरियंट काय करतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

एक फार महत्त्वाचं. पॅक्सलोव्हिड या कोविडवरच्या गोळीतलं रिटोनाविर टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी धोकादायक वाढवतं. लागण झाली तर कुणाच्या सांगण्यावरून ती गोळी सुरू करू नका, आधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन. उपचार पहिल्या पाच-सात दिवसांतच सुरू करावे लागतात, म्हणून तो फोन पहिल्याच दिवशी. रेमडेसिविरचा तीन दिवसांचा पर्याय ते विचारात घेऊ शकतात.


रातराणी

मनापासून आभार. गोळीचं माहीत नव्हतं. लिहून फ्रिजवर लावते.


तिरपागडा

आता माझा शेवटचा दारूगोळा. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाच्या पन्नास हजारांवर कर्मचाऱ्यांचा अभ्यास, २०२३ मध्ये छापून आलेला. जितके डोस जास्त तितका संसर्ग जास्त! हे कुठल्या संख्याशास्त्रात बसवणार?


खर्डेघाशी

अभ्यास खरा आहे, मी वाचला आहे. मुख्य प्रश्न होता द्विगुणी (दोन व्हेरियंटांविरुद्धचा) बूस्टर किती चालला. उत्तर : संसर्गापासून सुमारे ३० टक्के, आणि ओमिक्रॉनच्याच एक्सबीबी वंशाचा जोर आल्यावर जवळजवळ काही नाही. डोस आणि संसर्गाचं नातं वाटेत सापडलं, लेखकांनी ते लपवलं नाही, आणि "डोसांमुळे संसर्ग होतो" असा निष्कर्षही काढला नाही.

कारणं अनेक असू शकतात. जास्त डोस घेणारे कोण? थेट रुग्णांत वावरणारे, आधीच आजारी असणारे, आणि शिंक आली तरी चाचणी करणारे. कमी डोसवाल्यांपैकी अनेकांना आजार होऊन गेलेला होता, आणि घरच्या घरी झालेले किंवा न कळलेले संसर्ग नोंदीत नव्हते. २०२२ नंतर प्रत्येकच अभ्यासाला ही अडचण आहे. "बिनलशीचा" म्हणून ज्याच्याशी तुलना करायची तो माणूस आता कोरा राहिलेला नाही, त्याला दोनदा कोविड होऊन गेलाय. तुलनेचा पायाच वर सरकला की लशीची टक्केवारी आपोआप खाली येते.


सूक्ष्मदर्शी

आणि एक जैविक शक्यता, जी मी झटकणार नाही. पहिल्या भेटीत पाहिलेल्या विषाणूचा ठसा प्रतिकारशक्तीवर राहतो. नवा व्हेरियंट दाखवला तरी शरीर आधी जुन्याच ओळखीच्या पेशी उठवतं. २०२२ च्या द्विगुणी बूस्टरमध्ये अर्धा मूळ विषाणू आणि अर्धा बीए.४/५ (ओमिक्रॉनचे उपप्रकार) होता. त्याचा जुन्या बूस्टरवरचा वरचढपणा अपेक्षेपेक्षा कमी निघाला, तो बहुधा यामुळे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की लशीतून मूळ विषाणू काढून टाका, एकटा एक्सबीबी वंश ठेवा. २०२४ मध्ये जेएन.१. मूळ घटक काढल्यावर नव्या व्हेरियंटविरुद्धची प्रतिपिंडं स्पष्ट सुधारली. म्हणजे ठसा असतो, पण तो दगडावर कोरलेला नाही.


खुशालचेंडू

लाँग कोविडबद्दल, म्हणजे आजारानंतर रेंगाळणाऱ्या लक्षणांबद्दल, कुणीच बोललं नाही.


अनुस्वार

त्यात आकडे फार पसरलेले आहेत, म्हणून हात घातला नव्हता. ब्रिटनमधल्या अॅपवर आधारित अभ्यासात दोन डोसांनंतर संसर्ग झालेल्यांत महिन्यावर लक्षणं रेंगाळण्याची शक्यता निम्मी दिसली. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या नोंदींतून काढलेला धोका फक्त १५ टक्क्यांनी कमी. एकीकडे अॅपवर स्वतःहून लक्षणं नोंदवणारे, दुसरीकडे बहुतांश वयस्कर पुरुष आणि रुग्णालयीन नोंदी. दिशा एकच आहे, आकार नाही. हलक्या आजारानंतरही लाँग कोविड होतो, एवढं धरून चालावं.


पिंगळा

म्हणजे सगळ्यांनी दर सहा महिन्यांनी टोचून घ्यायचं का? तिशीतला धडधाकट माणूस आहे मी. दोनदा कोविड, तीनदा लस.


सूक्ष्मदर्शी

मी तुम्हाला आग्रह करणार नाही. लस आणि संसर्ग दोन्ही झालेल्यांची मिश्र प्रतिकारशक्ती गंभीर आजाराविरुद्ध सर्वांत टिकाऊ ठरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं मार्च २०२३ मध्येच धोक्यानुसार गट पाडले. वृद्ध, गंभीर सहव्याधी असलेले, दुबळ्या प्रतिकारशक्तीचे, गरोदर स्त्रिया आणि थेट रुग्णसेवेतले कर्मचारी यांना ठरावीक काळानं पुन्हा डोस. निरोगी प्रौढांना मूळ डोस आणि एक बूस्टर, त्यापुढचे नेहमीसाठी तेव्हा सुचवले नव्हते. एमआरएनए लशीनंतर तरुण मुलग्यांमध्ये, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर, हृदयस्नायूच्या दाहाचा दुर्मीळ पण खरा धोका आहे. साठीपुढे फायद्याचं पारडं इतकं जड आहे की हा धोका विचारातही येत नाही. पंचविशीत, दोनदा आजार होऊन गेल्यावर, तो विचारात घ्यावाच लागतो.


तिरपागडा

हे वाक्य २०२१ मध्ये कुणी एवढ्या सरळ बोललं असतं तर माझ्यासारखे निम्मे लोक गप्प बसले असते.


पंचम

तिरपागडा आणि गप्प? :)


रातराणी

अजून एक विचारते. काल मला घसादुखी झाली, घरच्या किटवर चाचणी निगेटिव्ह आली. भावाकडे जाऊ का? आधीच्या लाटेत लक्षणं दिसली की किट लगेच दोन रेघा दाखवायचं.


सूक्ष्मदर्शी

एका निगेटिव्हवर जाऊ नका. वर स्मृती पेशींचं लिहिलं त्याचाच हा परिणाम. लस किंवा आधीचा आजार झालेल्यांत प्रतिकारशक्ती लवकर जागी होते, आणि घसा दुखणं, ताप हे बरंचसं तिचंच काम. त्यामुळे लक्षणं आधी येतात आणि नाकातला विषाणू किटला दिसण्याइतका वाढायला एक-दोन दिवस आणखी लागतात. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ च्या ऑगस्टपासून सांगितलंय : लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा चाचणी, लक्षणं नसतील तर तशाच अंतरानं तीन. तुमची दुसरी झाली का?


रातराणी

नाही, उद्या सकाळी ४८ तास होतील. करते आणि मगच ठरवते. तोवर भावाचा डबा दाराबाहेरच ठेवायला सांगते.